कातळ्याचे शत्रू डावीकडे पडतात

लग्न झाल्यापासून मी किती वेळा मेले, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. भाल्यानं मेले, कुऱ्हाडीनं मेले, बर्फाच्या विहिरीत ढकलली जाऊन मेले, आणि एकदा तर नुसत्या गर्जनेनं मेले. ते मला मुळीच पटलं नव्हतं. "गर्जनेनं कुणी मरतं का हो?" मी फरशीवर पडल्या पडल्या विचारलं. "कातळ्याच्या गर्जनेनं मरतं," आमचे हे मान वर न करता म्हणाले आणि लिहीत राहिले.

कातळ्या म्हणजे यांच्या पुस्तकांतला रानटी. उघडाबंब, केसाळ, दंड डोक्यापेक्षा मोठे, कमरेला कातडं आणि हातात दगडी कुऱ्हाड. राजे, जादूगार आणि स्वच्छ कपडे घालणारी माणसं, या तिघांवर त्याचा भारी राग. त्याची सव्वीस पुस्तकं झाली. आता हा लिहिणारा माणूस स्वतः किती शूर असेल असं वाटतं ना? झुरळ दिसलं की हे खुर्चीवर चढतात, आणि वरून मला सांगतात, "मारू नकोस, हाकलून दे."

पण लढाई लिहायची म्हटली की यांना समोर कोणीतरी मरणारं लागायचं. नुसतं डोक्यातून यायचंच नाही. स्वयंपाकघरातच खिडकीशी यांचं टेबल, पलीकडे फ्रिज, आणि मधल्या जागेत मी. कधी राक्षसीण, कधी सेनापती, एकदा तीन डोक्यांचा साप. हातात झाडू. यांच्या उजव्या हातात पेन, डाव्या हातात छत्री. "वार!" असं ओरडून हे छत्री हवेत फिरवायचे, तेही कागदावरची नजर न हलवता, आणि मी पडायचं. मग विचारायचे, "कशी पडलीस?" मी खालूनच सांगायची, "आधी गुडघा, मग कोपर, मग सगळीच." की हे भराभर लिहून घ्यायचे. मध्येच दूध उतू जायचं, ते मेल्या माणसानंच उठून बघायचं.

आणि पडायचं ते डावीकडेच, कारण उजवीकडे वॉशिंग मशीन. एकदा चुकून उजवीकडे पडले तेव्हा कपाळाला टेंगूळ आलं होतं. त्यामुळे सव्वीस पुस्तकांत कातळ्याचे सगळे शत्रू आधी गुडघ्यावर येतात आणि मग डाव्या कुशीवर पडतात. वाचकांनी हे बरोबर हेरलं. एका प्राध्यापकांनी तर त्यावर लांबलचक लेख लिहिला, की डावी बाजू म्हणजे पराभूत झालेली आदिम संस्कृती वगैरे. यांनी मला तो मोठ्यानं वाचून दाखवला. मी म्हटलं, त्यांना एकदा घरी बोलवा आणि आपलं वॉशिंग मशीन दाखवा.

असं सगळं छान चाललं होतं. मग यांचा हात थरथरायला लागला.

आधी थोडा, मग बराच. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, कमी होईल पण जाणार नाही. कमीही झालं नाही. चमचा तोंडापर्यंत येईस्तोवर अर्धा रिकामा. पेन धरलं की कागदावर नुसत्या मुंग्या. बोललेलं टाइप करणारं यंत्र आणलं, तर हे त्याच्यासमोर तोंड मिटून बसायचे. "माझं डोकं या दोन बोटांत आहे, तोंडात नाही," म्हणाले. ते मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, पण बोलून काय उपयोग! सव्विसाव्या पुस्तकाच्या शेवटी कातळ्या एका गुहेच्या तोंडाशी उभा होता, दारात एक राक्षसीण आडवी आलेली. आत काय आहे ते वाचकांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर यांनाही माहीत नव्हतं.

एक दिवस धाकटे प्रकाशक घरी आले. यांचं पहिलं पुस्तक त्यांच्या वडिलांनी छापलं होतं, म्हणून आम्ही अजून त्यांना धाकटेच म्हणतो, डोक्यावर एक केस उरला नसला तरी. खुर्चीच्या कडेवर बसून, गुडघे चोळत, चहा गार होईपर्यंत ते हवापाण्यावर बोलले. मग एकदम म्हणाले, "कातळ्या पुढे कोणीतरी लिहायला हवा. हल्ली असं करतात. लेखक थांबला तरी नायक चालत राहतो. वाचक विचारून विचारून जीव खाताहेत माझा."

मी यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, धाकट्यांना घराबाहेर काढणार. हे शांतपणे म्हणाले, "आणा. बघू कोण आहेत."

तिथेच मी घाबरले. कारण हा माणूस रोज सकाळी उठून दाढी करतो ती कातळ्यासाठी. लिहिता येत नसलं तरी करतो. धुतलेला शर्ट घालून टेबलाशी बसतो, पेनाला टोपण लावतो, काढतो, खिडकीतून बघतो. कातळ्या दुसऱ्याच्या घरी गेला की हा उठणार कशाला? माझ्यासाठी? मी तर घरातच असते. घरातल्या माणसासाठी कोण दाढी करतं!

मग त्या दोघांची चर्चा सुरू झाली. आजच्या लेखकांपैकी कोणाला कातळ्या पेलेल?

"ती कवयित्री आहे ना, खूप नाव झालंय तिचं," धाकटे म्हणाले.

"तिच्या हाती गेला तर पहिल्याच पानावर पाऊस बघून रडेल तो."

"बरं, ते यशाची पुस्तकं लिहिणारे? खपतात हो फार."

"मग कातळ्या भल्या पहाटे उठून ध्येयं ठरवेल. राक्षसाला मारण्याआधी त्याचे आभार मानेल."

धाकट्यांनी गुडघे चोळले. "हल्ली यंत्रसुद्धा लिहून देतं. सव्वीस पुस्तकं त्याला वाचायला दिली की सत्ताविसावं तयार."

"त्या यंत्राला गुडघे आहेत का?" यांनी विचारलं. धाकट्यांना काही कळलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी चहाचे कप उचलले.

शेवटी यांनी अट घातली. ज्याला कातळ्या हवा, त्यानं या स्वयंपाकघरात यायचं, छत्री घ्यायची आणि माझ्या बायकोला मारायचं. हिला मारता आलं तर कातळ्या त्याचा. धाकट्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्यांना समजावून सांगितलं, की अहो, खोटं खोटं मारायचं आहे, घाबरू नका.

पण मनात मी ठरवून टाकलं होतं. मी मरणार नाही. येऊ दे कोणाला यायचं त्याला.

पहिले आले ते पुरस्कारवाले. पुरस्कार इतके मिळालेत की त्यांना हाक मारायचं दुसरं काही सुचत नाही. पातळ चष्मा, मऊ आवाज, आणि बोलण्याआधी मोठा श्वास. म्हणाले, "कातळ्याची हिंसा ही मुळात त्याच्या एकाकीपणाची भाषा आहे." हे म्हणाले, "असेल. ही समोर राक्षसीण आहे. घ्या छत्री."

मी झाडू उगारून उभी राहिले. पुरस्कारवाले छत्री घेऊन उभे राहिले. मग ते नुसते उभेच राहिले. माझ्याकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं. म्हणाले, "या क्षणी कातळ्याला आपली आई आठवते." बरं, आठवू दे. आई आठवून झाली, मग नदी आठवली, मग एक मेलेलं हरीण. माझा झाडूचा हात दुखायला लागला.

"अहो, मारा ना एकदाचं," मी म्हटलं. "माझ्या पोटऱ्या भरून आल्या."

"पण मारण्याची गरज आहे का, हा खरा प्रश्न आहे," ते म्हणाले.

"गरज नसेल तर मी कुकर लावते," मी म्हटलं, आणि लावला. यांच्याकडे बघितलं तर हे खुर्चीत रेलून, दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्याकडे एकटक बघत होते. मला वाटलं, कुकरचा राग आला.

पुरस्कारवाल्यांना घालवायला मला काहीच करावं लागलं नाही. दुसऱ्यांच्या वेळी मात्र करावं लागलं.

दुसरे रहस्यकथावाले. चटपटीत माणूस, दर तीन महिन्यांनी एक खून. आल्या आल्या खिडकी, दार, फ्रिजची मागची बाजू सगळं तपासलं, साखरेच्या डब्याचा वाससुद्धा घेतला. मला मनातून आवडला. छत्री हातात घेतली आणि माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बाजूला सरकला, अशी हूल दिली की मी झाडू नको तिकडे फिरवला, आणि पुढच्या क्षणी छत्रीचं टोक सरळ माझ्या छातीवर. लागलं नाही, नुसतं टेकलं. पण वार असा होता की दुसरी कोणी असती तर झोपलीच असती.

मी उभी राहिले.

"मेलात तुम्ही," तो म्हणाला.

"छे! मला चिलखत आहे."

"कधीपासून?"

"जन्मापासून. आमच्यात मुली चिलखत घेऊनच जन्मतात."

त्यानं पुन्हा मारलं, मानेवर. मी म्हटलं, मला माना दोन आहेत. पोटात मारलं, मी म्हटलं, तिथे कालच मारून झालंय, आता तिथे काही नाही. बिचारा घामाघूम झाला. शेवटी छत्री टेबलावर ठेवून म्हणाला, "काकू, तुम्हाला मारायला कातळ्या नको, वकील पाहिजे." आणि चहा न घेता गेला.

मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. चांगला लिहिणारा होता तो. पण मी मनाला म्हटलं, आपण काही साहित्याची सेवा करायला बसलेलो नाही. यांना म्हटलं, "जमत नाही हो कोणाला. आता पुरे. तिसरं कोणी बोलावू नका. कातळ्या आहे तिथे बरा आहे."

दुसऱ्या दिवशी यांनी दाढी केली नाही.

तिसऱ्या दिवशीही नाही. शर्ट कालचाच. टेबलाशी बसले ते खिडकीकडे पाठ करून. मी म्हटलं, बरं वाटत नाही का? तर म्हणे, बरं आहे. जे होऊ नये म्हणून मी एवढी ढोंगं केली, तेच माझ्या डोळ्यांदेखत व्हायला लागलं. मला काही सुचेना. तेवढ्यात धाकट्यांचा फोन आला, की अजून एक आहे, शेवटची, हिनं नाही केलं तर मालिका बंद. नको म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, पण यांनी तेवढ्यात मान वर केली आणि विचारलं, "कोणी येणार आहे का?" इतक्या आशेनं विचारलं, की मी फोनवर हो म्हणून बसले. मात्र हट्ट सोडला नव्हता. येऊ दे, हिलाही चिलखत दाखवू.

ती निघाली दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा काढते आणि रात्री फोनवर वाचणाऱ्यांसाठी राक्षसांच्या गोष्टी लिहिते, रोज एक तुकडा. चाळिशीची, कापलेले केस, अंगाला दवाखान्याचा वास. दुपारच्या सुट्टीत आली होती. दारात माझ्या चेहऱ्याआधी तिनं माझे दात बघून घेतले.

"दात काढणारी माझ्या कातळ्याला हात लावणार?" हे म्हणाले. पण दाढी केली होती हं त्या दिवशी, शर्टही नवा.

"कातळ्यासारखी माणसं माझ्याकडे रोज येतात," ती म्हणाली. "एवढाले दंड, आणि खुर्चीत बसली की माझा हात घट्ट धरून ठेवतात."

तिनं छत्री घेतली. मी झाडू घेऊन मधल्या जागेत उभी राहिले, चांगली पाय रोवून. धाकटे प्रकाशक दाराशी, श्वास रोखून. ती मारायला पुढे आली नाही. थोडं अंतर ठेवून थांबली आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

"राक्षसीण," मी म्हटलं. "सव्विसाव्या पुस्तकातली. वाचलं नाही का?"

"वाचलंय. सगळी वाचलीत. पण ही दारात का उभी आहे ते कुठे दिलेलं नाही. माझ्याकडे कोणी तोंड गच्च मिटून बसलं ना, की मी आधी पक्कड घेत नाही. कुठे दुखतंय ते विचारते." आणि तिनं मान तिरकी करून माझ्यामागे बघितलं. "आत काय आहे?"

आता काय सांगू? इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं, मी कशासाठी मरते ते. साप होते तेव्हा साप, सेनापती होते तेव्हा सेनापती. माझ्या तोंडाला येईल ते मी बोलले.

"म्हातारा आहे," मी म्हटलं.

"कोणाचा?"

"माझा. हात थरथरतो त्याचा. त्याच्यापाशी एकच वस्तू उरली आहे आणि तू तीच न्यायला आलीस. ती नेलीस तर तो सकाळी उठणार नाही. म्हणून मी काही इथून हलत नाही, तू काय वाट्टेल ते कर." माझा आवाज कधी चढला ते मलाच कळलं नाही.

ती जवळ आली. मी म्हटलं आता मारेल, आणि चिलखताचं वाक्य तयार ठेवलं. तिनं मारलं नाही हो. छत्री नुसती माझ्या खांद्यावर टेकवली आणि हळू आवाजात म्हणाली, "दमलात तुम्ही. मी आत जात नाही. बसा थोडं."

आणि माझा गुडघा टेकला. मी टेकवला नाही, तो आपोआप टेकला. मग कोपर, मग सगळीच मी, डाव्या कुशीवर. फरशी गार होती. आणि मला रडू कोसळलं, अगदी लहान पोरीसारखं, समोर परकी बाई, दारात प्रकाशक, कशाचीही लाज न बाळगता मी रडले.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हे उठले. टेबलाला धरत, फ्रिजला धरत माझ्यापर्यंत आले, आणि कण्हत कण्हत माझ्याशेजारी फरशीवर बसले.

"त्या रहस्यकथावाल्याला फसवलंस तू," हे म्हणाले. "सरळ छातीत मारलं होतं त्यानं. मी बघितलं."

"मग काय करू?" मी पडल्या पडल्या ओरडले. "कातळ्या गेल्यावर तुम्ही सकाळी उठणार कशाला? दोन दिवस दाढी केली नाहीत, जीव अर्धा झाला माझा!"

हातात पेन नसलं की यांना उत्तर यायला वेळ लागतो.

"मी कधी बघितलंच नव्हतं गं," शेवटी म्हणाले. "इतकी वर्षं तू इथे मरत होतीस आणि मी कागदात तोंड घालून. कशी पडलीस ते तुलाच विचारायचो. आता हात रिकामा झाला म्हणून पहिल्यांदा बघितलं. तो पुरस्कारवाला आई आठवत बसला होता, तू नुसती झाडू धरून उभी होतीस, तरी मी बघत होतो. मग तो दुसरा आला, तेव्हा तू काय एकेक थापा मारल्यास! मला वाटलं, आता तिसरा कधी येतो. आणि तू म्हणालीस, पुरे, आता कोणाला बोलावू नका."

"म्हणून दाढी केली नाहीत?"

"कशाला करायची मग?"

दातांची डॉक्टर ओट्याशी उभी राहून कसलेतरी डाग बघितल्यासारखं करत होती. धाकटे प्रकाशक दोन्ही हातांनी गुडघे चोळत होते, उभ्या उभ्या.

"बाई," हे तिला म्हणाले, "गुहेत म्हातारा, हे चांगलं आहे. मला सुचलं नसतं. कातळ्या तुमचा. राक्षस मात्र आमच्याच घरचे राहतील. लढाई असेल त्या दिवशी लिहायला इथे यायचं, आणि मी समोर खुर्चीत बसणार."

"गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असतो," ती म्हणाली. "चालेल का काकूंना?"

"काकूंना कोण विचारतं!" मी नाक ओढत म्हटलं. "आणि आता मला उठवा कोणीतरी. यांना आधी. खाली बसले खरे, पण उठता येतं कुठे यांना!"

"थांब गं जरा," हे म्हणाले, आणि माझे गाल पुसायला हात पुढे केला. हात तो, थरथरत थरथरत आला आणि बोट थेट माझ्या डोळ्यात गेलं.

"अहो, डोळा फोडाल माझा!" मी ओरडले. पण तोंड काही बाजूला घेतलं नाही.